मदत हवी आहे: फ्रेंच 'एमॉराझीक'ची अक्षरं कशी पाडायची?

नमस्कार मंडळी,

वैद्यकीय फ्रेंच मोठ्याने वाचायचा सराव करतेय आणि एका विशेषणापाशी अडले आहे. रक्तस्रावी तापाला 'फिएव्र एमॉराझीक' म्हणतात, त्यातलं दुसरं. स्पेलिंग एच, ई (वर तिरकी रेघ), एम, ओ, दोन आर, ए, जी, आय, क्यू, यू, ई. इंग्रजीत दोन आरनंतर एच येतो, फ्रेंचमध्ये तो नाही. माझ्या वहीत तो अजूनही चुकून घुसतो.

सुरुवातीचा एच मुका, म्हणून 'ए'पासूनच सुरुवात, एवढं पक्कं. बोलताना मी ए-मॉ-रा-झीक अशी चार अक्षरं पाडते आणि जोर शेवटच्यावर देते. पण लिहिताना दोन आरच्या मधून तोडायचं असतं ना? म्हणजे कागदावर पहिला आर 'मॉ'ला चिकटतो, तोंडात मात्र दोन्ही मिळून एकच 'र' होतो. हे बरोबर आहे का? आणि शेवटचा मुका 'ई' बोलताना मोजायचा नाही, पण कवितेत पुढे व्यंजन आलं की मोजतात, मग लेखी विभागणीत 'क्यूयूई' वेगळं धरायचं का?

खरी पंचाईत 'झी'ची आहे. तो 'झाड'मधला झ नाही, 'झरा'मधलाही नाही. 'श' लांबवत कंठातून आवाज काढला की जवळपास जमतो, पण लगेच घशातला फ्रेंच 'र' आधी आला की माझा 'ज' होतो. 'रा-झी' ही जोडी कुणी कशी घोटवली? फ्रेंच शिकवणाऱ्यांनी जरूर सांगा.