टोकियोतील ओमाकासे सुशी आणि कच्चा मासा न खाणारे बाबा : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त मी गेली तीन वर्षे टोकियोत, निशी-कासाईला राहतो. येत्या नोव्हेंबरात आई-बाबा पहिल्यांदाच इकडे येत आहेत आणि बाबांना गिंझामधल्या एका चांगल्या सुशीच्या दुकानात जेवायला न्यायचे असे मी ठरवले आहे. त्यासंबंधी एका अडचणीत सल्ला हवा आहे. जपानमध्ये राहिलेल्या, किंवा अशा ठिकाणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलेल्या मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

दुकान आठ खुर्च्यांचे आहे. रात्रीचे जेवण माणशी 33 हजार येन असून सगळ्यांना संध्याकाळी साडेपाचला एकदमच वाढायला सुरुवात होते. मेनू अर्थातच नसतो, कारण ओमाकासे म्हणजे 'तुमच्यावर सोपवले'. त्या दिवशी बाजारात काय चांगले मिळाले ते पाहून काय द्यायचे आणि कोणत्या क्रमाने द्यायचे हे सुशी करणाराच ठरवतो. दोघांचे आरक्षण मी केले आहे. आई शाकाहारी आहे, आणि इथल्या बहुतेक रश्शांत व सॉसमध्ये सुक्या माशाचा अर्क असतो हे कळल्यावर तिने आपणहून माघार घेतली.

अडचण बाबांची आहे. ते 72 वर्षांचे आहेत, जन्म दापोली तालुक्यातला. हर्णैच्या बंदरावर लिलावाच्या वेळी उभे राहून, कल्ला उचलून, डोळा पाहून मासा पारखणारा माणूस. आमच्या घरी मासा कसा शिजला यापेक्षा तो कसा निवडला यावर जास्त बोलणे होत असे. मात्र आयुष्यात त्यांनी कच्चा मासा तोंडात घातलेला नाही. मी आरक्षणाचे सांगितल्यावर ते मनापासून खूष झाले, आणि दोन दिवसांनी फोनवर हळूच म्हणाले, "कच्चं मला जाणार नाही रे. पण समोरचा माणूस एवढ्या निगुतीने करून देणार असेल, तर मी गिळीन कसंतरी." हे ऐकल्यापासून मला चैन नाही. बाबांनी केवळ शिष्टाचार म्हणून घास गिळावा हे मला नको आहे, आणि इतक्या मेहनतीने केलेला घास असा गिळला जावा हेही त्या कारागिराच्या दृष्टीने बरे नव्हे.

ही मेहनत काय असते ते मी एकदा जवळून पाहिले आहे. मागच्या वर्षी एका सहकाऱ्याबरोबर दुसऱ्या एका दुकानात दुपारच्या जेवणाला गेलो होतो. समोरच्या माणसाने उजव्या हाताने लाकडी भांड्यातून भात उचलला, डाव्या तळव्यावरच्या माशाला बोटाने वासाबी, म्हणजे इथले झणझणीत हिरवे वाटण, लावले, दोन-तीन दाबांत घास वळला, वरून ब्रशने सोया फिरवला आणि माझ्यासमोर ठेवला. ठेवल्यावर तो घास किंचित खाली बसला, कारण भाताच्या दाण्यांमध्ये हवा राहील इतक्याच हलक्या दाबाने तो वळलेला होता. मी सहकाऱ्याशी बोलत राहिलो आणि दोनेक मिनिटे तो तसाच पडून राहिला. समोरच्याने एक शब्दही न बोलता तो उचलून नेला आणि नवा करून ठेवला. शरीराच्या उबेएवढा कोमट भात आणि त्यापेक्षा थंड मासा हा मेळ थोडाच वेळ टिकतो, हे मला नंतर समजले. त्या दिवशी वाटलेली लाज मी विसरलेलो नाही, म्हणूनच बाबांना घेऊन जाताना मला काही चुकवायचे नाही.

आता मुख्य प्रश्न. जेवढे वाचले आणि इथल्या लोकांना विचारले, त्यावरून माझी अशी समजूत झाली आहे की सुशी म्हणजे कच्चा मासा ही ओळखच मुळात अपुरी आहे. आज आपण जी भाताच्या घासावरची सुशी पाहतो ती 19व्या शतकाच्या सुरुवातीला एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, रस्त्यावरच्या गाड्यांवर आकाराला आली, आणि हानाया योहेई याला तिचे श्रेय सहसा दिले जाते. बर्फ किंवा शीतपेटी नसलेल्या त्या काळात खाडीतला मासा टिकवायचा तर काहीतरी संस्कार करणे भागच होते. कोहादा हा तारलीच्या नात्यातला छोटा मासा मिठात आणि मग व्हिनेगरमध्ये मुरवायचा, ट्यूना सोयात बुडवून ठेवायचा, कोळंबी उकडायची, अनागो हा वामेसारखा मासा मंद आचेवर मऊ शिजवून त्याच्याच रसाचा आटवलेला पाक वरून लावायचा, आणि तिसऱ्यांच्या जातीची मोठी शिंपली, हामागुरी, तीही शिजवूनच द्यायची. शेवटी अंड्याची तामागो, आणि कान्प्यो म्हणजे आपल्या दुधीच्याच जातीच्या फळाच्या वाळवलेल्या पट्ट्या गोड-खारट शिजवून केलेला रोल. एदोमाए, म्हणजे या एदोच्या पद्धतीच्या, सुशीचा जीव या संस्कारांत आहे असे जाणकार मानतात. कोणाचा कोहादा कसा मुरला आहे यावरून दुकानाची पारख करणारे लोक मला इथे भेटले आहेत, आणि ते बोलताना मला हमखास बाबाच आठवतात.

तेव्हा माझा विचार असा आहे की बाबांसाठी शिजवलेल्या आणि उकडलेल्या प्रकारांवरच भर द्यावा, अशी विनंती दुकानाला आधीच करावी. हे सवलत मागणे न ठरता त्या परंपरेचाच एक भाग मागणे ठरेल, अशी माझी आशा आहे. पण माझी ही समजूत एका परक्या माणसाची आहे, आणि सुमारे वीस घासांच्या क्रमात एका पाहुण्यासाठी निम्मे घास बदलणे आठ खुर्च्यांच्या दुकानाला खरोखर जमते का, की अशा वेळी ते नम्रपणे आरक्षणच रद्द करायला सुचवतात, हे मला माहीत करून घ्यायचे आहे. ॲलर्जी आधी कळवावी हे सर्वमान्य आहे. आवडीनिवडीचे काय? सोपवायचे म्हटल्यावर सोपवण्यापूर्वी किती सांगणे योग्य?

मुरवलेल्या माशांबद्दलही मला शंका आहे. कोहादा किंवा बांगड्याच्या कुळातला साबा हे व्हिनेगरमध्ये मुरले तरी शिजलेले नसतात, आणि अनिसाकिस नावाची परजीवी अळी व्हिनेगरने मरत नाही. त्यासाठी मासा उणे 20 अंशांवर 24 तास गोठवावा लागतो किंवा नीट शिजवावा लागतो. चांगल्या दुकानात याची काळजी घेतात हे मी जाणतो. तरी वयस्क आणि मधुमेही माणसाला हे घास द्यावेत का, याबद्दल कोणी आपल्या डॉक्टरांशी बोलले असल्यास जरूर सांगावे. बाबांची गोळी जेवणाआधी असते, त्यामुळे ठरलेल्या वेळी सुरुवात होते ही त्यातल्या त्यात सोय आहे. भात कमी घालायची विनंती तर इथे सर्रास करतात, तेव्हा त्याची चिंता नाही.

आणखी एक लहानशी गोष्ट. चांगल्या ठिकाणी जाताना कानात हिन्याचा फाया ठेवायची बाबांची चाळीस वर्षांची सवय आहे. सुशीच्या दुकानात अत्तर लावून येऊ नये असा दंडक आहे आणि तो मला पूर्ण पटतो, कारण शेजारी हातभर अंतरावर बसलेल्या माणसाच्या घासावरही त्याचा परिणाम होतो. बाबा समजून घेतील, पण हे मी त्यांना आदल्या दिवशीच सांगणार आहे, निघताना दारात नाही.

एका मित्राने सुचवले की सुशीऐवजी तेंपुराच्या दुकानात ओमाकासे घ्यावे. तिथेही खुर्च्या समोरच असतात, कोळंबी, माकुल, अनागो एकेक करून तळून हातोहात वाढतात, आणि कच्च्याचा प्रश्नच येत नाही. सल्ला शहाणपणाचा आहे. पण मासा कापणारा हात बाबांना समोर बसून पाहायचा आहे, हे त्यांनी मला दोनदा सांगितले आहे, त्यामुळे सुशीचा विचार मला सहजासहजी सोडवत नाही.

आरक्षण विनाशुल्क रद्द करायला अजून नऊ दिवस आहेत, त्यानंतर पूर्ण रक्कम जाते. दुकानाला पाठवायचा निरोप मी जपानीत लिहायला घेतला आहे. 'नामामोनो गा निगाते देसु' म्हणजे 'कच्चे पदार्थ जमत नाहीत' असे लिहिले, तर सुशीच्या दुकानात ते सरळ नकारासारखे वाचले जाईल अशी भीती वाटते. वडील मासेपारखी आहेत, आदराने येत आहेत, आणि शिजवलेले व उकडलेले जे असेल ते मनापासून खातील, हे एवढे सगळे दोन-तीन विनयशील वाक्यांत कसे बसवावे, हे जपानी चांगले येणाऱ्या कोणी लिहून दिले तर फार उपकार होतील.