पॉम्पेई पाहिलंत? काय डोक्यात राहिलं ते लिहा

मागच्या महिन्यात नेपल्सहून लोकलने पॉम्पेईला जाऊन आले. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने गाडलेलं गाव, एवढं शाळेपासून माहीत होतं. मला मात्र रस्तेच आठवतायत. पाय न भिजता पलीकडे जाता यावं म्हणून मध्ये उंच दगड, आणि दोन दगडांत गाडीचं चाक जाईल एवढीच फट. फरशीत चाकांनी पाडलेल्या चरात बोटं घातली. 'चाकोरी' हा शब्द जन्मभर वापरला, खरी चाकोरी तिथे पाहिली! हॉटेल-तिकिटांचं नको, तुमचं असं काही असेल तर सांगा.

—

मी जालन्याची, त्यामुळे माझं पॉम्पेई नेपल्सच्या संग्रहालयात आहे. १९३८ साली पॉम्पेईतल्या एका घरात सापडलेली हस्तिदंती बाई, जेमतेम वीतभर. सगळे लक्ष्मी म्हणतात, बरेच अभ्यासक यक्षी मानतात. गळा, हात, पाय दागिन्यांनी भरलेले, दोन्हीकडे एकेक चिमुकली दासी. डोक्यात भोक आहे, म्हणून आरशाची मूठ किंवा फर्निचरचा पाय असावी असे तर्क. अंगावर वस्त्र नाही, म्हणून मुक्काम 'गुप्त दालना'त, रोमन लोकांच्या चावट चित्रांच्या शेजारी. (सोबत सासरे होते. असो.)

अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती आमच्या भोकरदनला आणि धाराशिवच्या तेरला मिळाल्यात. ती आमच्याकडूनच गेली असं म्हणायचा मोह होतो, पण तिच्यावर खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची. तरी काचेला नाक लावून विचारलंच, कुठची गं तू?

—

कोळसा झालेला पाव. एका भट्टीत असे ८१ निघाले होते. गोल, वर आठ भाग पाडणाऱ्या खाचा. आई एवढंच म्हणाली, "भाजायला टाकले आणि काढायला कोणी उरलं नाही."

—

माझं मत जरा कडू आहे. राखेत देह कुजून पोकळ्या राहिल्या, पुरातत्त्वज्ञ फिओरेल्लीने १८६३ मध्ये त्यांत प्लास्टर ओतलं, ही युक्ती अफाटच. पण ते प्लास्टरचे देह म्हणजे खरी माणसं, आत हाडंही आहेत. त्यांच्यापुढे सेल्फीसाठी रेटारेटी बघून मी बाहेर आलो.

—

पॉम्पेईतल्या 'फाउनचं घर' नावाच्या वाड्यात जमिनीवर दिसतं ते अलेक्झांडर आणि इराणचा राजा दारियस यांच्या लढाईचं मोझेइक (बारीक तुकडे जुळवून केलेलं चित्र) प्रतिकृती आहे. अस्सल नेपल्सला. त्यात एक पडलेला इराणी सैनिक शोधा, त्याला स्वतःचा चेहरा ढालीत दिसतोय. मला अलेक्झांडरपेक्षा तोच लक्षात राहिला.

—

जालनेकर ताई, मी वेळ नाही म्हणून संग्रहालय गाळलं होतं हो! आता नवऱ्याला काय सांगू, बाईला भेटायला परत नेपल्सला जायचंय म्हणून?