स्केलिंगने दात सैल होतात?
कुणीतरी लिहिलंय की स्केलिंगनंतर, म्हणजे दातांवरचा कडक थर काढणाऱ्या सफाईनंतर, दात हलायला लागले. दात सैल होतो तो हिरडीखाली साचलेल्या टार्टरमुळे, म्हणजे याच कडक थरामुळे. तिथल्या सुजेने हाड झिजतं. थर निघाला की आधीचंच सैलपण जाणवतं. खालच्या पुढच्या दातांमागे लाळेमुळे तो लवकर जमतो आणि कडक झाला की ब्रशने निघत नाही.

तपासणीत हिरडी आणि दातामधल्या फटीची खोली मोजायला जरूर सांगा. ३ मिमीपर्यंत ठीक. ४ किंवा जास्त असून रक्त येत असेल तर वरवरची सफाई पुरत नाही, मुळांपर्यंत करावी लागते. साधारण ६ महिन्यांनी तपासणीला जावं, मधुमेह किंवा तंबाखू असेल तर ३-४ महिन्यांनी. स्केलिंगनंतर काही दिवस थंड पाण्याने ठणकतं, ते बहुधा आपोआप थांबतं. आणि मशेरी कृपया बंद करा.