डोक्याखाली नुसते हात ठेवून मान सुटते का? क्रेनिओसेक्रल थेरपीबद्दल तुमचं मत हवंय

रानजाई

अकरा वर्षं फळ्यावर लिहिलं, पुढची नऊ वर्षं शाळेच्या संगणकावर निकाल भरले. मान कायमची आखडलेली. एक्स-रे, शेक, पट्टा, गोळ्या, सगळं करून झालं. बहिणीच्या आग्रहाने मार्चपासून क्रेनिओसेक्रल थेरपीला जाते, सहा वेळा जाऊन आले. माझं म्हणणं आधीच सांगते: हे थोतांड म्हणून उडवून लावू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. अंगावरच्या कपड्यांत उताणं झोपायचं. बाई उशाशी बसतात आणि दोन्ही तळवे डोक्याखाली सरकवतात. मान कवटीला मिळते त्या खाचेत बोटांची टोकं येतात. चोळणं नाही, दाबणं नाही, मान कडकन मोडणं तर नाहीच. वजन म्हणाल तर पाच ग्रॅमच्या आसपास, चमचाभर साखरेएवढं. नंतर एक हात कमरेखाली, माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडाला टेकवून. तासभर एवढंच चालतं. पहिल्या दिवशी मी मनात वाणसामानाची यादी करत होते. वीसेक मिनिटांनी पोटात गुडगुडलं, आवळलेला जबडा सुटला आणि डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात गेलं. दुःख कसलंच नव्हतं. त्या रात्री कूसही न बदलता झोपले. आता गाडी मागे घेताना मान वळते.

घरी मात्र सगळे म्हणतात, पैसे पाण्यात. तुम्हाला काय वाटतं?

मणका

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, चौदा वर्षं झाली. तुम्हाला बरं वाटलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझा आक्षेप आहे तो त्यामागे सांगितल्या जाणाऱ्या कारणावर.

विल्यम सदरलँड नावाचे अमेरिकन ऑस्टिओपॅथ, म्हणजे हाडं-स्नायू हातांनी हाताळून उपचार करणारे. विद्यार्थी असताना, 1899 च्या सुमाराला, मिसुरीतल्या कर्क्सव्हिलच्या कॉलेजात त्यांनी सुटी केलेली कवटी पाहिली. कानाजवळच्या हाडाची तिरकी कड त्यांना माशाच्या कल्ल्यांसारखी वाटली. कल्ले श्वासासाठी हलतात, तर ही हाडंही हलत असणार, असा विचार करून त्यांनी स्वतःच्या डोक्याला पट्टे आवळून प्रयोग केले. पुढे मिशिगनमध्ये जॉन अपलेजर यांनी त्यातून आजची क्रेनिओसेक्रल थेरपी उभी केली आणि 1985 मध्ये फ्लोरिडात संस्था काढली. त्यांचं म्हणणं असं, की मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाला स्वतःची लय असते, मिनिटाला साधारण सहा ते बारा वेळा, आणि ती हाताला कळते.

हाताला कळते ना? मग तीन जणांनी एकाच माणसाची लय मोजली तर आकडे जुळायला हवेत. 1994 मध्ये अमेरिकेत हेच करून पाहिलं. तीन थेरपिस्ट, बारा माणसं. तिघांचे आकडे एकमेकांशी जुळलेच नाहीत. प्रत्येकाला लय जाणवत होती, पण प्रत्येकाची वेगळी. पुढे 2002 मध्ये हार्टमन आणि नॉर्टन यांनी असे अभ्यास तपासले आणि हा विषय ऑस्टिओपॅथीच्या अभ्यासक्रमातून काढा असं लिहिलं. ते दोघे ऑस्टिओपॅथीच्याच कॉलेजात शिकवणारे होते, म्हणजे बाहेरचे टीकाकार नव्हेत.

आणि मोठ्या माणसाच्या कवटीची हाडं करवतीच्या दातांसारखी एकमेकांत अडकलेली असतात. पाच ग्रॅमने ती हलणार कशी?

रानजाई

मणका, मग 2016 च्या जर्मनीतल्या अभ्यासाचं काय? जुनी मानदुखी असलेले 54 जण, आठ आठवडे. अर्ध्यांना ही थेरपी आणि अर्ध्यांना नुसता हलका स्पर्श. थेरपीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं आणि विसाव्या आठवड्यातही फरक टिकून होता. नुसत्या स्पर्शाशीच तुलना होती, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

मणका

वाचलाय, नीट केलेला अभ्यास आहे. पण हात ठेवणाऱ्याला माहीत असतं की आपण खरं देतोय की नुसतं. ते त्याच्या हातातून, त्याच्या बसण्यातून पलीकडच्याला कळतं. शिवाय 54 माणसं म्हणजे थोडी. 2024 मध्ये स्पेनच्या गटाने असे पंधरा अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कुठल्याच आजारात फायदा दिसला नाही. एक अभ्यास एका पारड्यात आणि पंधरा दुसऱ्यात, तर मी पंधराकडे जाणार.

तिसरा मजला

मोठ्यांनी काय करायचं ते करावं. मी बाळाबद्दल लिहिते.

मुलगी दोन महिन्यांची असताना मान सतत उजवीकडे झुकवायची, दूध पिताना एकाच बाजूने नीट प्यायची. ओळखीतून एका थेरपिस्टकडे गेलो. त्यांनी टाळूवर बोटं ठेवून सांगितलं, जन्माच्या वेळचा ताण कवटीत अडकलाय, आठ बैठका लागतील. त्यांच्या हाताखाली बाळ शांत व्हायचं, म्हणून आम्ही खूश. बैठका सुरू होऊन सहा आठवडे झाल्यावर लसीकरणासाठी गेलो तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी मानेवरून बोट फिरवलं आणि माझं बोट धरून तिथे ठेवलं. पेन्सिलीसारखा ताठ स्नायू. यात ताणाचे व्यायाम जितके लवकर सुरू होतील तितकं लवकर सुटतं, असं त्या म्हणाल्या. आमचे सहा आठवडे गेले होते. मुलगी आता छान आहे, पण त्या सहा आठवड्यांची चुटपुट मला अजून लागते.

माझी आजीही टाळू भरायची. खोबरेल कोमट करून, तळव्यावर घेऊन, थापत थापत. बाळ झोपून जायचं. पण तिने कधी म्हटलं नाही की मी आजार बरा करतेय. बाळाची मान वाकडी दिसली असती तर आधी डॉक्टरकडे ने म्हणाली असती.

हलका हात

मी ही थेरपी देते, नऊ वर्षं. वरचं वाचून वाईट वाटलं. त्या थेरपिस्टने तपासणी झाली आहे का हे आधी विचारायलाच हवं होतं. माझ्याकडे बाळ आलं तर बालरोगतज्ज्ञांचा कागद पाहिल्याशिवाय मी हात लावत नाही. नुकताच मेंदूत रक्तस्राव झालेला, कवटीला तडा गेलेला, डोक्यातला दाब वाढलेला, अशांना सरळ परत पाठवते.

मणका, तुमच्या लयीबद्दलच्या मुद्द्याशी मी भांडत नाही. तो द्रव हलतो हे खरं आहे, पण हृदयाच्या ठोक्याने आणि श्वासाने, हे एमआरआयमध्ये दिसतं. माझ्या बोटांना जे जाणवतं ते त्यातलंच काही असेल, किंवा माझाच श्वास असेल. पूर्वी मी लोकांना सांगायचे की तुमची हाडं जागेवर आणते. आता सांगत नाही. पण अंगावर हात पडल्यावर माणसाचा श्वास खोल जातो, खांदे बिछान्यावर टेकतात, हे मी रोज पाहते. आपल्याकडे माणसाला तासभर कोण हात लावतं? डॉक्टरकडे पाच मिनिटं मिळतात, घरी ज्याचा त्याचा मोबाइल.

मणका

तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलंत याचं मला खरंच बरं वाटलं. पण मग बाहेरच्या पाटीवर काय लिहिता? मायग्रेन, स्वमग्नता, कानात आवाज येणं, ही यादी मी बऱ्याच पाट्यांवर वाचली आहे. स्वमग्न मुलाची आई ती यादी वाचून कर्ज काढते. ‘तासभर शांत विश्रांती’ असं लिहून त्याचे पैसे घ्या, मी स्वतः पेशंट पाठवीन.

हलका हात

माझ्या पाटीवर मायग्रेन आहे. स्वमग्नता नाही, कधीच नव्हती. मायग्रेनचा विचार करते.

सांजवात

मी यातलं शास्त्र जाणत नाही. यजमान शेवटचे चार महिने अंथरुणाला होते. सुया टोचायला आणि कूस बदलायलाच काय तो हात लागायचा. एक मुलगी आठवड्यातून एकदा येऊन असेच हात ठेवून बसायची, बरं करीन म्हणाली नाही. ती आली की कपाळावरची आठी जायची. एवढंच लिहायचं होतं.

रानजाई

सगळं दोनदा वाचलं. ‘तिसरा मजला’, तुमचं वाचून माझ्या लक्षात आलं की माझ्याही मानेची नीट तपासणी चार वर्षांत झालेली नाही. मला बरं वाटत होतं म्हणून मी विचारलंच नाही. हाताला मुंग्या येतात ते बाईंनाही सांगितलं नव्हतं.

मणका, तुमचे पंधरा अभ्यास मी नाकारत नाही, पण त्या रात्रीची झोपही नाकारता येत नाही. गुरुवारची वेळ घेतलेली आहे, ती मोडणार नाही. मंगळवारी मात्र ऑर्थोपेडिककडे जाते. मुंग्या करंगळीत आणि अनामिकेतच येतात, याचा काही अर्थ असतो का?

मणका

असतो. कोपराजवळची नस दबलेली असू शकते किंवा मानेतली. ‘हाताला मुंग्या’ एवढंच सांगू नका, नेमकी बोटं दाखवा, आणि रात्री वाढतात का तेही सांगा. मंगळवारी काय म्हणाले ते इथे लिहा.