पावसाळ्यात पडून राहणारं पिस्तूल: स्ट्रायकरवर किती भरवसा ठेवावा?

अपशिंगेकर (सातारा)

आपल्याकडे पिस्तुलांचा विषय निघाला की गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते. ९ मिमी १ए, म्हणजे ईशापूरला बनणारं ब्राउनिंग हाय पॉवर, कधी दगा देत नाही. प्लास्टिकच्या बॉडीचं ग्लॉक किती दिवस टिकणार! मला हे पटत नाही. बरीच वर्षं वापरायचं असेल तर घोडावाल्या पिस्तुलापेक्षा (१ए सारखं, मागचा घोडा आपटून आतल्या पिनला ठोका देतो) स्ट्रायकरवालं (ग्लॉकसारखं, आत लपलेली, स्प्रिंगनं सुटणारी सळईच ठोका देते) जास्त भरवशाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. क्रम लावायचा तर आधी ग्लॉक १७, मग स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी २.०, त्यानंतर सीझेड पी-१० सी आणि सगळ्यात शेवटी सिग पी३२०.

ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १९८२ मध्ये ग्लॉक १७ घेतलं, तेव्हापासून त्याची मूळ रचना तीच आहे. सुटे भाग पस्तिसाच्या आसपास. मागं उघडा घोडा नाही, त्यामुळे त्याच्या खाचेतून धूळ-पाणी आत शिरायला वाट नाही. स्लाइड (वरचा मागंपुढं सरकणारा भाग) आणि नळीवर नायट्रायडिंग असतं. ते रंगासारखं वर बसत नाही, पोलादाच्या पृष्ठभागातच मुरतं. वरचा काळा थर होल्स्टरला घासून गेला तरी खालचं पोलाद गंजाला दाद देत नाही. पाटण-महाबळेश्वर पट्ट्यात जून ते सप्टेंबर ब्लूइंगच्या (निळ्या-काळ्या रासायनिक मुलाम्याच्या) स्लाइडवर लाल ठिपके किती लवकर उठतात, हे इथं कुणाला सांगायची गरज नाही.

चुका ग्लॉकच्याही झाल्या, पण त्या दुरुस्त झाल्या. २०१० च्या जेन ४ मध्ये (चौथ्या पिढीत) दुहेरी रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड पुन्हा पुढं आणणारी) आली, सुरुवातीच्या मालात ती जमली नव्हती, २०११ मध्ये कंपनीनं बदलून दिली. चापाची जुनी स्प्रिंग तुटली की चाप लुळा पडायचा. २०१७ च्या जेन ५ मध्ये तिची रचनाच बदलली.

कृष्णाकाठ (सांगली)

दादा, तुमची माहिती बरोबर आहे, पण कसोटी चुकीची लावलीत. हजारो राउंड (काडतुसं) झाडून काय तुटतं हे बघणं परदेशातल्या रेंजला ठीक. आपल्याकडे पिस्तुलातून वर्षाला मोजके राउंड जातात आणि बाकीचे अकरा महिने ते कोतात (शस्त्रागारात), कपाटात नाहीतर चामड्याच्या होल्स्टरमध्ये पडून असतं. इथं प्रश्न झिजण्याचा नाही, पडून राहिल्यावर पहिलाच राउंड फुटेल का, हा आहे. आणि त्याच जागी स्ट्रायकर कच्चा पडतो.

घोडा जड असतो, त्याची स्प्रिंगही दणकट असते. फायरिंग पिनच्या भोकात थोडी घाण असली तरी तो तिला दामटून नेतो. स्ट्रायकर म्हणजे स्लाइडच्या पोटातल्या अरुंद बोगद्यातून सरकणारी हलकी सळई. तिच्या ठोक्यात शिल्लक फार नसते. त्या बोगद्यात तेल गेलं की बारूदची काजळी आणि राउंडच्या केसवरून (पुंगळीवरून) खरवडलेली पितळेची कुसं त्यात मिसळून काळा चिकट लगदा होतो. उघडून बघितलं तर स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये तो भरलेला दिसतो, नखानं काढला तर तारेसारखा ओढला जातो. स्ट्रायकर त्यातून वेग घेईपर्यंत कॅप (राउंडच्या बुडाची, ठोक्यानं पेटणारी टिकली) जवळ आलेली असते.

त्यात आपल्याकडे घरात असेल ते तेल वापरायची सवय. खोबरेल तेल २४-२५ अंशांखाली थिजतं. डिसेंबरात साताऱ्यात पहाटे पारा त्याच्या बराच खाली असतो. हायड्रॉलिक जॅकच्या तेलापासून करंज्या तळून उरलेल्या तेलापर्यंत काहीही बोगद्यात सोडलं जातं. १ए ला ते एकवेळ चालून जातं, ग्लॉकला नाही.

शिवाय १ए ने ठोका चुकवला तर अंगठ्यानं घोडा चढवून पुन्हा मारता येतो. ग्लॉकला स्लाइड ओढल्याशिवाय दुसरा ठोकाच नाही.

अपशिंगेकर

लगद्याचं म्हणणं मान्य, पण त्यात पिस्तुलाचा काय दोष? कंपनीच्या पुस्तकातच लिहिलंय की स्ट्रायकरच्या बोगद्यात तेल घालायचं नाही. ग्लॉकला तेल लागतं ते थेंबांत. नळीच्या वरच्या भागावर पुसट हात, स्लाइडच्या खाचांत एकेक थेंब, आणि चापाची पट्टी मागं जिथं कनेक्टरला (आतल्या धातूच्या छोट्या पट्टीला) टेकते त्या कोपऱ्यावर एक थेंब. हा शेवटचा थेंब बहुतेक जण विसरतात आणि मग चाप खरखरतो म्हणून तक्रार करतात.

साफ करणंही अवघड नाही. मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली राउंडची जागा) डोळ्यानं आणि बोटानं तपासा, पुन्हा तपासा. ग्लॉक खोलताना चाप दाबावाच लागतो आणि अपघात तिथंच होतात. (एम अँड पी आणि पी३२० ला चाप न दाबता स्लाइड निघते, हा त्यांचा मोठा गुण.) स्लाइड निघाली की मागच्या झाकणाखालची प्लास्टिकची नळी पंचनं पुढं दाबायची, झाकण खाली सरकवायचं, स्ट्रायकर अख्खा बाहेर येतो. कोरड्या चिंधीनं पुसायचा, बोगदा कोरड्या बोळ्यानं पुसायचा, तसाच कोरडा बसवायचा. नंतर स्लाइडमधली सेफ्टीची गोल खुंटी (चाप दाबेपर्यंत स्ट्रायकर अडवणारी) बोटानं दाबून स्लाइड हलवायची. स्ट्रायकर आत खुळखुळला पाहिजे. खुंटी न दाबता तो ब्रीचच्या (राउंडच्या बुडाला टेकणाऱ्या भागाच्या) भोकातून बाहेर डोकावता कामा नये.

दुसऱ्या ठोक्याचं म्हणाल, तर राउंड फुटला नाही की तोच पुन्हा ठोकत बसण्यापेक्षा मॅगझिनला थाप मारून स्लाइड ओढलेली बरी. रेंजवर मात्र घाई नको, तोंड टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबायचं. राउंड उशिरानंही फुटू शकतो.

पाटणकर_४१५२०६

कृष्णाकाठ काका, स्ट्रायकरला दोष द्यायच्या आधी न फुटलेल्या राउंडची कॅप बघायला हवी. मधोमध ठोक्याचा खोल खड्डा आहे आणि तरी फुटला नाही, तर पिस्तुलानं आपलं काम केलंय. कॅप ओल किंवा तेल लागून मेलेली आहे. खड्डा उथळ असेल तर बोगद्यातली घाण, थकलेली स्ट्रायकर स्प्रिंग, नाहीतर स्लाइड पूर्ण पुढं न बसणं. खड्डाच नसेल तर स्ट्रायकरचं टोक तुटलंय किंवा सेफ्टीची खुंटी अडकलीय. ग्लॉकच्या खड्ड्याला एका बाजूला ओरखड्यासारखी शेपूट असते, तो दोष नव्हे.

आणि राउंडवर डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा फवारा) फवारू नका. ते पातळ असतं, कॅपच्या कडेनं आत झिरपू शकतं.

कास_पठार

सिग पी३२० ला शेवटी टाकलंत ते अन्यायाचं आहे. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सैन्यानं एम१७ आणि एम१८ म्हणून हेच निवडलं. आतला यांत्रिक भाग स्टीलच्या एका चौकटीत एकत्र बसवलेला, ती चौकट उचलून दुसऱ्या ग्रिपमध्ये (मुठीच्या बाहेरच्या भागात) ठेवता येते. आर्मोररच्या (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याच्या) दृष्टीनं यापेक्षा सोपं काय? ग्रिप तडकली तर फक्त ग्रिप बदला.

सैन्याच्या चाचण्यांत अडथळे आले, पण त्यातले बरेचसे 'शेवटच्या राउंडनंतर स्लाइड मागं अडकली नाही' या प्रकारचे होते. दोन्ही अंगठे वर ठेवून पकडलं की स्लाइड स्टॉप (स्लाइड मागं अडकवणारी कळ) दाबला जातो. तो पकडीचा प्रश्न. नुसता आकडा बघून पिस्तूल बिघडतं म्हणू नये.

कृष्णाकाठ

स्लाइड स्टॉपचं सोडा. खाली पडल्यावर सुटण्याचं काय? ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीलाच हलका चाप आणि हलका स्ट्रायकर बसवून द्यायची मोहीम काढावी लागली, कारण ठरावीक कोनात मागच्या बाजूवर पडलं की राउंड सुटत होता. जड चाप जडत्वानं स्वतःच मागं जायचा. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या ग्लोबल स्ट्राइक कमांडनं एका जवानाच्या मृत्यूनंतर एम१८ वापरणं थांबवलं.

कास_पठार

आणि ऑगस्टमध्ये तपासणी करून पुन्हा सुरू केलं, त्या मृत्यूप्रकरणी दुसऱ्या एका जवानाला अटकही झाली. अर्धी बातमी सांगू नका काका.

कृष्णाकाठ

पुन्हा सुरू केलं हे खरं, ते मी सांगायला हवं होतं. पण माझा मुद्दा रचनेचा आहे. ग्लॉकमध्ये स्ट्रायकर अर्धवट ताणलेला असतो, बाकीचा ताण चाप ओढल्यावरच येतो. पी३२० आणि एम अँड पी मध्ये तो जवळपास पूर्ण ताणलेला असतो, मधे सीअर (स्ट्रायकरला धरून ठेवणारा खटका) आणि सेफ्टीची खुंटी. म्हणजे त्या दोन तुकड्यांच्या कडा किती शाबूत आहेत यावर सगळं अवलंबून. दहा-पंधरा वर्षांनी, दोन-चार हातांतून गेल्यावर, त्या कडांची खात्री कोण देणार?

माणदेशी

मंडळी, ९ मिमी सामान्य परवान्यावर मिळतच नाही. आपल्या जिल्ह्यांत ज्यांच्याकडे पिस्तूल आहे, ते .३२ बोअरचं (९ मिमीहून लहान गोळीचं) आहे. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे वडिलोपार्जित काय ठेवायचं आणि काय जमा करायचं हा खरा प्रश्न आहे.

आणि गंमत नाही, पण त्यातली बरीच जुनी पिस्तुलं स्ट्रायकरचीच आहेत. एफएन ब्राउनिंग १९१० आणि १९२२ बघा. दिसायला घोडा नाही, आत स्ट्रायकर, तोही पूर्ण ताणलेला. ग्रिप सेफ्टी (मूठ घट्ट धरल्यावरच सुटणारी) आहे, अंगठ्याची सेफ्टी आहे, पण दोन्ही सीअरला धरतात. स्ट्रायकरला स्वतंत्र अडवणारी खुंटी नाही. कृष्णाकाठ काका पी३२० च्या कडांबद्दल बोलतात. इथं तर शंभर वर्षांच्या कडा आहेत आणि मागं दुसरा आधारच नाही. अशा पिस्तुलाचं चेंबर रिकामंच ठेवावं. त्यात तडजोड नको.

.३२ चा आणखी एक स्वभाव: केसला अर्धी रिम (बुडाशी किंचित बाहेर आलेली कड) असते. मॅगझिन भरताना वरच्या राउंडची रिम खालच्याच्या रिममागं गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड ओढून काही उपयोग होत नाही, मॅगझिन काढून रिकामं करावं लागतं. प्रत्येक राउंड मागं टेकवून भरावा, वरचा राउंड खालच्याच्या पुढं आहे ना ते बघावं.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये पावसाळाभर ठेवणं बंद करा. कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि क्षार ओल धरतात आणि पोलाद खातात. १९१० ची स्प्रिंग नळीभोवती असते, गंज आत स्प्रिंगखाली सुरू होतो आणि बाहेरून दिसत नाही. सुती कापडात पातळ तेलाचा हात देऊन, सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात ठेवा, होल्स्टर वेगळं.

अपशिंगेकर

१९१० बद्दल शंभर टक्के सहमत, मी त्याची बाजू घेणार नाही. माझा दावा आजच्या स्ट्रायकरबद्दल होता आणि माणदेशींनी उलट तोच पक्का केला: स्वतंत्र खुंटी आली म्हणून तर आजचं पिस्तूल वेगळं.

कृष्णाकाठ काका, 'पडून राहिलेल्या' पिस्तुलालाही एका मिनिटाची तपासणी आहे. ग्लॉक रिकामं करा, खात्री करा, सुरक्षित दिशेला तोंड ४५ अंश वर. चाप दाबून धरा, तसाच धरून स्लाइड मागं ओढा आणि हातानं सावकाश पुढं सोडा. स्लाइड पूर्ण मिटली पाहिजे. चाप दाबलेला असताना स्ट्रायकरच्या स्प्रिंगचा पूर्ण जोर स्लाइडला मागं ढकलतो. रिकॉइल स्प्रिंग थकली असेल तर ती तिथंच हरते आणि दोन-तीन मिलिमीटर फट राहते. फट दिसली की स्प्रिंग बदला, राउंड किती झाले ते विचारू नका.

कृष्णाकाठ

ही तपासणी चांगली आहे, पण ती रिकॉइल स्प्रिंगची. दाबून ठेवल्यानं स्प्रिंग थकते हा समज मीही मानत नाही, ती दाबण्या-सोडण्यानंच थकते. म्हणून भरलेलं मॅगझिन महिन्याला रिकामं करत बसायची गरज नाही. माझी हरकत बोगद्याला आहे आणि ती कायम आहे. पावसाळ्याआधी आणि दसऱ्याला, वर्षातून दोनदा, स्ट्रायकर बाहेर काढून कोरडा पुसणारा माणूस असेल तर ग्लॉक घ्या. नसेल तर १ए बरं.

पाटणकर_४१५२०६

दसऱ्याला शस्त्रपूजेत स्लाइडवर हळद-कुंकू लागतं, तेही त्याच दिवशी पुसून काढा काका. कुंकवाची भुकटी मागच्या झाकणाच्या फटीतून आत जाते आणि तेलात बसली की तोच लगदा.