मदत हवी आहे: जर्मनीत सेमिस्टर, फ्रान्समध्ये इंटर्नशिप आणि दहा दिवस कमी पडणारा पासपोर्ट

मंडळी, लेकीच्या कागदपत्रांत पुरती अडकले आहे. ती म्हणते "होईल गं आई", पण मला मात्र रात्री झोपतानाही तारखाच दिसतात.

ती मास्टर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी जर्मनीतल्या एका विद्यापीठात एक्स्चेंज सेमिस्टर आणि लगेच 1 मार्च ते 31 ऑगस्ट फ्रान्समध्ये, ल्योंच्या एका कंपनीत इंटर्नशिप. दोन्हीकडची पत्रं आली आहेत. पासपोर्ट त्यानंतरच्या 20 नोव्हेंबरला संपतो, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. परवा वाचनात आलं की फ्रान्सच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाला पासपोर्ट व्हिसा संपल्यावर आणखी तीन महिने वैध लागतो. 31 ऑगस्टनंतर तीन महिने म्हणजे नोव्हेंबरची अखेर. बोटांवर तीनदा मोजलं, दहा दिवस कमीच पडतात.

आता नूतनीकरण करावं तर पासपोर्टचा क्रमांक बदलणार. प्रवेशपत्र, जर्मनीसाठी उघडलेलं ब्लॉक्ड अकाउंट (तिथल्या राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवलेलं खातं), आरोग्य विमा, सगळीकडे जुना क्रमांक गेलाय. मग आधी जुन्या पासपोर्टवर जर्मनीचा व्हिसा घ्यायचा आणि पासपोर्टचं नंतर बघायचं, की उलट?

दुसरं म्हणजे, एका एजंटने छातीठोकपणे सांगितलं की दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, जर्मनीचा कागद असला की फ्रान्ससाठी वेगळं काही करावं लागत नाही. ऐकायला छान वाटतं, पण सहा महिने काम करायचंय तिला, फिरायला जायचं नाहीये. कुणी या वाटेने गेलंय का?

आणि एक बारीक गोष्ट. कंपनीच्या पत्रात तिच्या नावातला एक 'एच' गळलाय. लेक म्हणते, एका अक्षराने काय होतं. खरंच काही होत नाही का?

प्रतिसाद

ताई, पासपोर्ट आधी, व्हिसा नंतर. यात दुसरा विचारच करू नका. पासपोर्ट ज्या तारखेला संपतो त्याच्या पुढे व्हिसा सहसा मिळत नाही. शिवाय एकदा जुन्या पासपोर्टवर व्हिसा चिकटला की परदेशात बसून नूतनीकरण करा, मग निवास परवान्यावर नवा क्रमांक चढवून घ्या, आणि हे सगळं ऐन परीक्षेच्या दिवसांत. अमेरिकेत जुन्या पासपोर्टवरचा वैध व्हिसा चालतो, दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवावे लागतात इतकंच. पण तो नियम बाकी देशांना सरसकट लावू नका.

क्रमांक बदलल्याची एवढी धास्ती घेऊ नका. नवा पासपोर्ट हातात आला की विद्यापीठ, ब्लॉक्ड अकाउंट आणि विमा कंपनी, तिघांना त्याच दिवशी नव्या पानाची स्कॅन प्रत पाठवा आणि सुधारित पत्र मागा. व्हिसाच्या अर्जाला सुधारित पत्रंच जोडा. रद्द झालेला जुना पासपोर्ट फेकू नका, आधीचे व्हिसा आणि प्रवास त्यातूनच दाखवता येतात.

नावाचं म्हणाल तर लेकीला समजवा, एका अक्षराने होतं. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी खाली दोन ओळी असतात, प्रत्येकी 44 चिन्हांच्या, मध्ये मध्ये बाणाच्या टोकासारख्या खुणा. यंत्र त्या ओळी वाचतं. त्यात नाव जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर, प्रत्येक कागदावर हवं. माझ्या भाच्याच्या करारात आडनाव आणि नाव उलटसुलट झालं होतं. सगळ्या सह्या नव्याने घेण्यात तीन आठवडे गेले. करार व्हायच्या आधी तुमच्या लक्षात आलंय, हे फार बरं झालं.

प्रतिसाद

एजंटचं ऐकू नका, हात जोडून सांगतो. जर्मनीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा निवास परवाना असला की बाकी शेंगेन देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. पण ती राहण्याची मुभा आहे, इंटर्नशिपची नाही. आणि तुमचे तर सहा महिने आहेत.

युरोपीय संघाचा 2016 चा एक निर्देश आहे, त्यात एक्स्चेंज कार्यक्रमातल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या सदस्य देशात 360 दिवसांपर्यंत जाता येतं. एजंट बहुधा त्याचाच आधार घेत असेल. पण ती सवलत दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिक्षणाचा काही भाग करण्यासाठी आहे. कंपनीतली इंटर्नशिप त्यात बसत नाही.

फ्रान्समध्ये इंटर्नशिपला 'काँव्हाँसियाँ द स्ताज' लागतं. विद्यार्थी, शिक्षणसंस्था आणि कंपनी अशा तिघांच्या सह्यांचा करार. नुसतं कंपनीचं पत्र पुरत नाही. प्रशिक्षणार्थी व्हिसासाठी हा करार आधी तिथल्या प्रशासनाकडून मंजूर व्हावा लागतो आणि मग व्हिसाचा अर्ज. म्हणजे 1 मार्चसाठी नोव्हेंबरातच कामाला लागायला हवं. एका संस्थेत वर्षाला सहा महिन्यांहून जास्त इंटर्नशिप करता येत नाही, तुमचं गणित बरोबर काठावर बसतंय, त्यामुळे 'आठवडाभर वाढवू या' असं कंपनी म्हणाली तरी हो म्हणू नका.

फ्रेंच अर्जासाठी घरी परत यावं लागेल असंही नाही. जर्मनीत तिचं कायदेशीर वास्तव्य असेल तर तिथूनही अर्ज करता येतो, फक्त निवासाचा पुरावा आधी हातात हवा. म्हणून तिथे पोहोचल्यावर पत्त्याची नोंदणी लांबवू नका, नियमाने ती घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. पुढे ल्योंला गेल्यावर दीर्घ मुदतीचा व्हिसा तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन प्रमाणित करून घ्या. हे राहून जातं, आणि ते राहिलं तर वास्तव्यच बेकायदेशीर ठरतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. लेकीला शेजारी बसवून सगळं वाचायला लावलं. त्या दोन ओळी पाहिल्या, त्यात 'एच' आहे. तिने तिथल्या तिथे कंपनीला मेल केला. नूतनीकरणाचा अर्जही काल रात्री भरला.

आता एकच अडलंय. त्या करारावर शिक्षणसंस्थेची सही लागते म्हणता, पण तिची मूळ संस्था इथली आणि मार्चपर्यंत ती जर्मन विद्यापीठाची. सही नेमकी कुणाची? आमच्या मते जी संस्था पदवी देणार आणि इंटर्नशिपचे क्रेडिट मोजणार तिचीच, म्हणजे इथली. कुणी असा करार केला असेल तर सही कुणाची होती तेवढं सांगा, म्हणजे सोमवारी विभागप्रमुखांना भेटायला जाताना योग्य कागद घेऊन जाता येईल.