सेबा बेटावर लहान पोरांना घेऊन कुणी गेलंय का?

टिळकवाडीची_आई:
नमस्कार, माझे दीर कॅरिबियन समुद्रातल्या सिंट मार्टेन बेटावर दुकानात कामाला आहेत, मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडं जाणार, तर तिथनं जवळच्या सेबा बेटावर 3 दिवस जाऊया म्हणतायत. मोठा 10 चा, धाकटी 6 ची. पण तिथं म्हणे बीचच नाही, सगळे कडेच! पोरं करणार काय? आणि विमानतळाचा व्हिडिओ बघून माझ्या पोटात गोळाच आलाय.

खानापूरकर:
वहिनी, जावा की. आमच्या पोरी तेव्हा 7 आणि 11 च्या होत्या. बेट जेमतेम 13 चौरस किलोमीटर, ज्वालामुखीच समुद्रातनं वर आलाय. धावपट्टी 400 मीटर, दोन्ही टोकांना खाली समुद्र, पण विमानं छोटी, 15 मिनिटांत पोचतोय. आम्ही जाताना बोटीनं गेलो आणि चुकलो, धाकटीला इतक्या उलट्या झाल्या की बंदर येईपर्यंत तिनं माझ्या मांडीवरनं डोकं उचललं नाही, येताना विमानच केलं.
बेटावरचा डोंगर माउंट सीनरी 887 मीटर, चढायला 1064 पायऱ्या. वर ढगातलंच जंगल, खोडाखोडावर शेवाळ नि नेचे, पायरी निसरडी, डिट्टो आपली जुलैतली आंबोली. धाकटी अर्ध्यातनं आईबरोबर परतली, थोरली पायऱ्या मोजत वर गेली, माथ्यावर पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसलं नाही तरी तिचा चेहरा बघण्यासारखा होता. चप्पल नको, ग्रिपचे बूट घ्या. आणि परतीच्या मोठ्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा, वारा सुटला की तिथनं निघता येत नाही.

शहापूर_मास्तर:
ताई, पोरांना तिथल्या रस्त्याची गोष्ट आधी सांगा. बेट डचांच्या ताब्यातलं, इथं रस्ता होणारच नाही म्हणून डच इंजिनिअर सांगून गेलेले, मग तिथल्याच जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल यांनी पोस्टानं कोर्स करून विद्या शिकली, 1938 ला काम काढलं आणि गावकऱ्यांनी हातानं रस्ता बांधला. त्याआधी लॅडर बे या किनाऱ्यावरच्या 800 पायऱ्या चढून सामान डोक्यावरनं वर न्यायचे. हे ऐकलेलं पोरगं प्रत्येक वळणाला खिडकीशी बसतंय बघा.

खानापूरकर:
बीचचं राहिलंच, वेल्स बे या किनाऱ्याला वाळू काही महिने येते नि परत जाते, त्या भरवशावर जाऊ नका. विमानतळाजवळ काळ्या खडकांत समुद्राच्या पाण्याची डबकी आहेत, आमच्या दोघी तिथंच तासभर खेकडे बघत बसल्या. लाट मोठी असली तर मात्र खडकांवर सोडू नका.

टिळकवाडीची_आई:
भाऊ, मास्तर, मनापासून आभार. बोट रद्द, विमानच. या रविवारपासनं दोघांनाही येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढवायला नेते, धाकटी कुठवर दम धरते ते तिथंच कळेल.